पोरीचे दात आणि बोअरचं पाणी

आज आपण दातांबद्दल बोलणार आहोत. गटाची बैठक म्हटली की आपल्याकडे बचत, कर्जाचा हप्ता, हळदीचा भाव, बँकेचं पासबुक हेच विषय असतात. पण हिशोब संपतो, चहा येतो आणि मग घरातली बोलणी निघतात. त्यात एक प्रश्न मला वेगवेगळ्या गावांत ऐकायला मिळाला आहे. “ताई, पोरगी दिवसातून दोनदा दात घासते. मिसरी नाही, तंबाखू नाही. तरी समोरचे दात पिवळट आणि त्यावर तपकिरी पट्टे. कशानं निघतील हो?” विचारणारी आई हेही सांगते, की पाहुणे बघायला येऊन गेले आणि मुलगी आता बोलताना तोंडावर ओढणी धरते.

मी शास्त्र शिकलेली नाही, बी.ए. केलेली आहे. पण हा प्रश्न इतक्यांदा आला, की दातांच्या डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं काढून वाचलं. त्यातून जे कळलं ते असं: यातले बरेच डाग दातावर बसलेलेच नसतात. ते दात बनतानाच त्याच्या आत राहून गेलेले असतात. म्हणून ते घासून निघत नाहीत. मग दात बनतो कसा, हे आधी बघू.

दाताचा जो पांढरा, चकचकीत, कडक थर आपल्याला दिसतो त्याला एनॅमल म्हणतात. मराठी पुस्तकात दंतवल्क असा शब्द आहे. आपण कवच म्हणू. आपल्या शरीरातली ही सगळ्यात कठीण वस्तू, हाडापेक्षाही कठीण. वजनाच्या हिशोबात शंभरातले सुमारे शहाण्णव भाग नुसतं खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे बारीक स्फटिक. उरलेल्या चार भागांत पाणी आणि अगदी थोडं प्रथिन. जाडी म्हणाल तर दाढेच्या टोकावर जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर. एवढ्याशा कवचावर आपण आयुष्यभर भाकरी, ऊस, हरभरे चावतो.

पण हे कवच सुरुवातीला असं कडक नसतं. दात हिरडीच्या आत असतानाच तिथल्या खास पेशी आधी एक मऊ, लिबलिबीत थर तयार करतात. त्यात बरंचसं प्रथिन असतं. मुख्य प्रथिनाचं नाव अमेलोजेनिन. या मऊ थरात खनिजाचे स्फटिक अगदी बारीक फितींसारखे उभे राहतात. म्हणजे सुरुवातीला प्रथिन जास्त आणि खनिज कमी. शेवटी मात्र खनिज शहाण्णव टक्के आणि प्रथिन नावाला. मग मधलं प्रथिन गेलं कुठे?

ते कापून बाहेर काढलं जातं आणि हे काम विकरं करतात. विकर म्हणजे एन्झाइम. आपल्या ओळखीचं एक विकर सांगते. कोरडी भाकर बराच वेळ चावली की गोड लागायला लागते. साखर कुणी घातली? लाळेतल्या विकरानं भाकरीतल्या पिठाचे तुकडे करून त्याची साखर केली. विकराचं काम असं असतं. ते एक ठरावीक काम करतं, भराभर करतं आणि दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही.

दाताच्या कवचात अशी दोन विकरं महत्त्वाची आहेत. पहिल्याचं नाव एमएमपी वीस. दुसऱ्याचं नाव केएलके चार. नावं विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा. ते आपल्या शेतातल्या उदाहरणानं सांगते.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर घेतात. सुरुवातीला रान सोयाबीननं भरलेलं असतं, तुरीच्या ओळी बारीक, मधे मधे उभ्या. पुढे सोयाबीन कापून निघतं, रान मोकळं होतं आणि मग तूर अशी पसरते की दोन ओळींमधून चालता येत नाही. दाताच्या कवचाचंही तसंच. मऊ प्रथिन म्हणजे सोयाबीन. खनिजाचे स्फटिक म्हणजे तूर. एमएमपी वीस हे विकर थर तयार होत असतानाच प्रथिनाची छाटणी करतं, म्हणजे स्फटिकांना लांब वाढायला वाट मिळते. नंतर केएलके चार येतं. ते उरलेल्या प्रथिनाचे अगदी बारीक तुकडे करतं. ते तुकडे पेशी ओढून घेतात आणि रान साफ होतं. मग स्फटिक जाड होत होत एकमेकांना जाऊन भिडतात. तेव्हा कुठे कवच दगडासारखं होतं.

यात आणखी एक अडचण असते. खनिज जमताना आम्ल तयार होतं आणि आम्लात खनिज जमत नाही. त्यासाठी कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं तिसरं विकर पेशींना बायकार्बोनेट तयार करायला मदत करतं. आपल्या खाण्याच्या सोड्यात असतं तेच. त्यानं आम्ल मरतं आणि काम पुढे चालतं. आपल्या लेकराच्या जबड्यात, आपल्याला कळतही नाही तेव्हा, एवढं सगळं चाललेलं असतं.

आता समजा, सोयाबीन वेळेवर निघालंच नाही. तूर दबून राहील. तसंच प्रथिन वेळेवर निघालं नाही तर स्फटिकांच्या मधे जागा राहते. कवच वरून पूर्ण दिसतं, पण आतून सच्छिद्र राहतं. तिथे दात खडूसारखा पांढुरका दिसतो. दात तोंडात आल्यावर त्या बारीक छिद्रांमध्ये खाण्यापिण्याचा रंग शिरतो, मग पिवळा, मग तपकिरी. जास्त असेल तर कवचाचे टवके निघतात, खड्डे पडतात.

आणि हे नंतर दुरुस्त होत नाही, कारण कवच बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येता येताच संपून जातात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, कारण तिथे जिवंत पेशी असतात. दाताच्या कवचाला ती सोय नाही. ते एकदाच बनतं.

ते कधी बनतं, हे प्रत्येक आईनं लक्षात ठेवावं. दुधाचे वीस दात असतात. त्यांचं कवच आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत पूर्ण होतं. कायमच्या पहिल्या दाढेचं काम जन्माच्या सुमारास सुरू होतं. समोरच्या कायमच्या दातांचं काम बाळ तीन-चार महिन्यांचं असताना सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. वरच्या समोरच्या दातांसाठी सव्वा ते अडीच वर्षांचं वय सगळ्यात नाजूक मानतात. अक्कलदाढ सोडली तर बाकी सगळ्या दातांचं कवच आठव्या वर्षापर्यंत तयार झालेलं असतं. म्हणजे अठराव्या वर्षी पाहुण्यांना जो डाग दिसतो, तो बहुधा पोरगी अंगणवाडीत जायच्या वयाची किंवा त्याहून लहान असताना पडलेला असतो.

मग या कामात खोडा कोण घालतं? कारणं बरीच आहेत, पण गावाच्या गाव एकाच तऱ्हेच्या दातांचं दिसायला लागलं, तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा. पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. फ्लोराइड काही खडकांमध्ये असतं आणि तिथून जमिनीखालच्या पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. लहान वयात ते जास्त पोटात गेलं की विकरांचं हे साफसफाईचं काम मंदावतं आणि प्रथिन रेंगाळत राहतं. अशा दातांच्या आजाराला दंत फ्लोरोसिस म्हणतात.

ही गोष्ट नवी नाही. भारतात फ्लोरोसिसची नोंद 1937 साली झाली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ आणि आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात फ्लोराइडचा त्रास असलेली गावं आहेत. नांदेडमधल्या किनवटकडची, यवतमाळमधल्या पांढरकवड्याकडची नावं यात नेहमी येतात. आपल्या हिंगोलीचं रान बहुतेक काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसाल्टचं. जुन्या ग्रॅनाइटच्या भागात फ्लोराइड साधारण जास्त आढळतं, काळ्या पाषाणात त्या मानानं कमी. पण एवढ्यावर निर्धास्त राहू नये. खोल बोअरचं पाणी खडकाच्या संगतीत फार काळ राहिलेलं असतं. एकाच गावात एका बोअरचं पाणी चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट असू शकतं. शिवाय आपल्या लेकी पैनगंगेच्या पलीकडे दिल्या जातात, तिकडच्या सुना इकडे येतात. कुणाचं बालपण कोणत्या पाण्यावर गेलं हे दात सांगतात.

पाण्यात फ्लोराइड किती चालतं? भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्या पुढे नको. बरीच वर्षं फार जास्त फ्लोराइडचं पाणी प्यालं, तर मोठ्या माणसांचीही हाडं आणि सांधे धरतात, कंबर वाकत नाही.

इथे कुणी विचारेल, मग टूथपेस्टमध्ये फ्लोराइड का घालतात? रास्त प्रश्न आहे. बाहेर आलेल्या दाताला वरून थोडं फ्लोराइड लागलं तर कीड लागायला अटकाव होतो. ते वरून लावायचं आहे, गिळायचं नाही. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी, त्यापुढे वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवावं. पेस्टची नळी पोरांच्या हातात देऊन आपण चुलीकडे जायचं, असं करू नये.

पाण्याशिवायची कारणंही ऐका. बाळपणी खूप कुपोषण झालं, मोठा ताप वरचेवर आला, ड जीवनसत्त्व कमी पडलं, तर कवचात खाचा राहू शकतात. टेट्रासायक्लिन नावाचं जंतूंवरचं औषध गरोदरपणात आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, कारण बनत्या दातात त्याचा रंग कायमचा बसतो. म्हणून दुकानातून आपल्या मनानं गोळ्या आणून लेकराला देऊ नका.

आणि एक कारण रक्तातून येतं. काही घरांत ही विकरं तयार करणारं जनुकच बिघडलेलं असतं. केएलके चारचा असा बिघाड 2004 साली आणि एमएमपी वीसचा 2005 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिला. अशा मुलांचे दुधाचे आणि कायमचे, सगळेच दात पिवळे-तपकिरी आणि ठिसूळ निघतात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही बिघडलेली जनुकं आली तरच हा आजार दिसतो. आईबाप स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. एकाच घराण्यातलं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. हा आजार तसा क्वचितच होतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण सोयरीक जुळवताना एवढं माहीत असलेलं बरं.

आता ओळखायचं कसं? फ्लोरोसिसचे डाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात, डावीकडच्या दातावर तसेच उजवीकडच्या दातावर. ते आडव्या रेषांसारखे किंवा ढगासारखे पसरलेले असतात. त्याच पाण्यावर वाढलेल्या शेजारच्या मुलांचेही दात तसेच दिसतात. कीड मात्र एखाद्या दाताला, बहुधा दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत लागते आणि तिथे खड्डा पडून दुखतं. तंबाखूचे, मिसरीचे डाग वरून बसलेले असतात आणि डॉक्टरांनी साफ केले की बरेचसे निघतात. नक्की काय आहे ते डॉक्टरच सांगतील. पण एक करू नका. राख, विटेची पूड, मीठ, लिंबू लावून पोरीचे दात खसाखसा घासू नका. आत असलेला डाग त्यानं निघत नाही, आणि एकदाच मिळालेलं कवच झिजतं. मिसरी तर मुळीच नको. ती तंबाखूच आहे.

मग करायचं काय? आधी पाणी तपासायचं. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणीचं किट द्यायचं असं ठरलेलं आहे. त्या किटमध्ये फ्लोराइडची तपासणीही असते. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. हे काम आपल्या गटातली सातवी-आठवी शिकलेली बाईसुद्धा करू शकते. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत, किट कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. किटवर शंका आली तर जलसुरक्षकाला सांगून नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा. तिथे पक्का आकडा मिळतो. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. त्याचा कागद मागून घ्या आणि गटाच्या दप्तरात लावून ठेवा.

हेही लक्षात असू द्या, की पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणि मेडिक्लोर जंतू मारतात, फ्लोराइड काढत नाहीत. पाणी उकळलं तर जंतू मरतात, पण पाणी आटल्यामुळे फ्लोराइड उलट घट्ट होतं. गाळणी, माठ, मेणबत्तीचा फिल्टर, यातल्या कशानंच ते जात नाही. आरओच्या यंत्रानं जातं. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेनं बसवलेली आहे, पण त्यात पाण्याच्या तपासणीप्रमाणे माप ठरतं, म्हणून घरी अंदाजानं तुरटी फिरवून उपयोग नाही. गावात दुसरी विहीर, नळाला धरणाचं पाणी, पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी यातलं काही असेल तर ते प्यायला आणि स्वयंपाकाला, आणि ते बोअरचं पाणी धुण्या-भांड्याला. सगळ्या घराला पुरत नसेल तर आधी घरातल्या गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या लेकरांना. एक हंडा वेगळा झाकून ठेवला तरी तेवढ्यापुरतं भागतं. अंगणवाडीतलं पाणी कोणत्या बोअरचं आहे, तेही विचारा.

खाण्यापिण्यातही थोडं सांभाळता येतं. जिथे पाण्यात फ्लोराइड जास्त असतं तिथेही आईच्या दुधात ते फार थोडं उतरतं. म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. डब्यातली दूधपावडर बोअरच्या पाण्यात कालवली तर मात्र सगळं फ्लोराइड बाळाच्या पोटात जातं. कॅल्शियम पुरेसं मिळालं तर आतड्यातून फ्लोराइड कमी शोषलं जातं. दूध, दही, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला हे आपल्याला परवडणारं आहे. जोडीला आवळा, पेरू. चहाच्या पानात मुळातच फ्लोराइड साठलेलं असतं, म्हणून दोन-तीन वर्षांच्या लेकराला चहात खारी बुडवून द्यायची सवय मोडू या.

ज्यांचे दात आधीच असे झालेत त्यांचं काय? त्यांनाही उपाय आहेत. दातांचे डॉक्टर वरचा डागाळलेला पातळ थर घासून काढतात, डाग फिके करतात किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट लावून झाकतात. डाग किती खोल आहे त्यावर ते ठरतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय आहे, तिथे दाखवा. रस्त्यावर ॲसिड लावून दात पांढरे करून देणाऱ्याच्या पुढे तोंड उघडू नका.

आणि शेवटी सोयरिकीचं. मुलगी बघायला जाताना आपणही दात बघतो, खोटं कशाला बोलायचं. पिवळा दात दिसला की आपल्या मनात येतं, पोरगी अस्वच्छ दिसते. आता तुम्हाला माहीत आहे, की हा डाग तिच्या आळसाचा नाही. दोन वर्षांची असताना तिला जे पाणी मिळालं ते ती प्याली. त्या पाण्याचा जाब तिला का विचारायचा? विचारायचाच तर ग्रामसभेत विचारू या, की आपल्या गावच्या पाण्याचा फ्लोराइडचा आकडा किती आहे. पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर हा एक विषय वहीत लिहा आणि खाली सगळ्याजणींच्या सह्या घ्या. आज जे लेकरू मांडीवर आहे, त्याच्या समोरच्या दातांचं काम आत्ता चालू आहे.